दाढीचा साबण, वाटी-ब्रश आणि आमच्या सोसायटीचं पाणी (माझा अनुभव)

साबण बदलायच्या आधी पाणी बघा. हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर तीन साबण, एक ब्रश आणि सोसायटीच्या ऑफिसात घातलेले सहा शनिवार वाचले असते. साबण निवडणं तसं सोपंच निघालं, खरी दाढी झाली ती त्या ऑफिसात. अजून डोकं तापतं म्हणून लिहितोय.

सुरुवात दिवाळीच्या साफसफाईत झाली. गिरगावच्या घरी माळ्यावर बाबांचा जुना रेझर सापडला, तो पातं घालून स्क्रूने आवळायचा. बाबा अजूनही वाटी-ब्रशनेच दाढी करतात, खिडकीला आरसा अडकवून, ॲल्युमिनियमच्या वाटीत, रेडिओवर बातम्या संपेपर्यंत त्यांची दाढी उरकलेली असते. मी मात्र पंधरा वर्षं डब्यातला फोम मारत होतो आणि मानेवर कायम लाल पुरळ. म्हंटलं आता आपणही वाटी-ब्रश.

आंघोळीचा साबण ब्रशला लावून चालत नाही, मी एकदा केलंय, फेस येतो आणि गाल अर्धा होईपर्यंत बसतो. आंघोळीचा साबण मुख्यतः सोडियमचा असतो. दाढीच्या साबणात पोटॅशियमही असतं, म्हणून तो पाण्यात पटकन विरघळतो, आणि स्टिअरिक ॲसिड भरपूर असतं, त्यामुळे फेस दाट होतो आणि टिकतो. लेबलावर पहिल्या दोन-तीन नावांत स्टिअरिक ॲसिड किंवा पोटॅशियम स्टिअरेट दिसलं की अर्धं काम झालं. ग्लिसरीन असेल तर फेस चेहऱ्यावर लवकर सुकत नाही. ‘टॅलोएट’ असं काही लिहिलं असेल तर ती प्राण्यांची चरबी, फेस मस्त येतो पण आमच्या आईला कळलं तर वाटी गॅलरीत जाईल, त्यामुळे मी वनस्पती तेलावालाच बघत होतो. बाकी वास वगैरे आपापली आवड. उन्हाळ्यात मला मेंथॉलवाला बरा वाटतो, इटलीचा प्रोरासो हिरव्या डब्यात येतो त्यात मेंथॉल आणि निलगिरी असतं, मे महिन्यात लावला की चेहऱ्यावर पंखा सुरू केल्यासारखं वाटतं.

खरेदीला प्रिन्सेस स्ट्रीट आणि अब्दुल रेहमान स्ट्रीट असा एक शनिवार पायपीट केली. एका दुकानदार काकांनी वरच्या फळीवरून गोल साबणाची धूळ पुसून दिली आणि म्हणाले, आता कोण घेतं हो हे, सगळे जेल नेतात. तो घेतला, प्रोरासो ऑनलाइन मागवला, आणि तिसरी एक काडी घेतली, म्हणजे लिपस्टिकसारखी थेट गालावर घासायची आणि मग वरून ओला ब्रश फिरवायचा.

आणि इथे गाडी अडकली.

कांदिवलीच्या आमच्या बाथरूममध्ये एकाचाही फेस येईना. म्हणजे यायचा, पातळ, दुधाच्या पाण्यासारखा, आणि मिनिटभरात विरून गालावर पांढरा चिकटा राहायचा. ब्रशच्या केसांत दह्याच्या कवड्यांसारखे बारीक गोळे. पहिला संशय ब्रशवर, तो डुकराच्या केसांचा होता, असा ब्रश पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवावा लागतो, तो भिजवला, तरी तेच. मग नवीन सिंथेटिक ब्रश आणला, तरी तेच. मग वाटलं आपल्याला जमत नाहीये. व्हिडिओ बघून बघून साबणावर कोमट पाणी ओतून ठेवणं, ब्रश अर्धा मिनिट घासून पेस्टसारखा माल उचलणं, मग वाटीत थेंब थेंब पाणी घालत फिरवणं, सगळं केलं. (हे सगळं बरोबरच आहे बरं का, आणि पहिल्यांदा करताना लोक साबण फार कमी उचलतात हेही खरं.) बायको बाहेरून विचारायची, दाढी करतोयस का ताक?

जानेवारीत बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून दोन रात्री गिरगावात राहिलो. तोच साबण, तोच ब्रश, वाटी बाबांची. अर्ध्या मिनिटात फेस वाटीबाहेर. मी ब्रश हातात धरून बघतच राहिलो. बाबा एका डोळ्यावर पट्टी बांधून खुर्चीत बसले होते, म्हणाले, तुमच्याकडे पाणी कुठलं येतं रे?

तेव्हा शाळेतलं आठवलं, सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी. फेन म्हणजे फेस, नावातच सगळं लिहिलंय आणि आपण फक्त दोन मार्कांसाठी पाठ केलं. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की ते साबणाला धरतात आणि न विरघळणारा चोथा होतो, माझ्या ब्रशमधल्या कवड्या म्हणजे तोच. आणि गंमत म्हणजे दाढीचा साबण स्टिअरिकने जितका भरलेला तितका चोथा जास्त. म्हणजे चांगला साबण घेतला म्हणून जास्त मार खाल्ला. मुंबई महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा असल्या धरणांतलं, पावसाचं साठवलेलं, त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी दगडातून झिरपत येतं, ते क्षार घेऊनच येतं.

घरी येऊन पिण्याच्या पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या, एकात किचनच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात बाथरूमचं, दोन्हीत साबणाचा सारखाच किस टाकून खळाखळा हलवलं. किचनची बाटली बुचापर्यंत फेसाने भरली, बाथरूमची गढूळ, वर तवंग. ही काही माझी अक्कल नाही, थॉमस क्लार्क नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने 1841 मध्ये पाण्याचा जडपणा (म्हणजे दुष्फेनपणा) मोजायला साबणाचीच पद्धत काढली होती. वॉटर प्युरिफायरवाल्या मुलाकडून टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा) मागून घेतला तर किचन 72, बाथरूम 640. टीडीएस म्हणजे थेट जडपणा नव्हे, त्यात मीठही मोजलं जातं, पण एवढा फरक म्हणजे दोन वेगळी पाणी हे तर शेंबडं पोरही सांगेल.

आता सोसायटीचं ऑफिस. शनिवारी दहा ते एक. पहिल्या शनिवारी मॅनेजरला साधं विचारलं, बाथरूमच्या लाइनला कुठलं पाणी आहे? म्हणाला, बीएमसीचंच, अजून कुठलं असणार. मी मीटरचा फोटो दाखवला. म्हणाला, मीटर चायनाचा असेल. दुसऱ्या शनिवारी सेक्रेटरी साहेब भेटले, त्यांनी विचारलं प्रॉब्लेम नक्की काय आहे, आणि मी मूर्खासारखं खरं सांगितलं, की दाढीला फेस येत नाही. हा माझा सगळ्यात मोठा गाढवपणा. टेबलाभोवती चार जण होते, चौघंही हसले, आणि त्यानंतर लिफ्टमध्ये मी ‘फेसवाले’. साहेब म्हणाले, जेल वापरा ना, ॲप्लिकेशन कशाला. तिसऱ्या शनिवारी म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. चौथ्या शनिवारी अर्ज सापडेना, परत दिला, या वेळी दुसऱ्या कॉपीवर सही-शिक्का घेतला. (हे पहिल्याच दिवशी करा. कुठलाही कागद पोच घेतल्याशिवाय टेबलावर ठेवू नका.) पाचव्या शनिवारी उत्तर मिळालं की विषय मोठा आहे, वार्षिक सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात घेऊ. वार्षिक सभा सप्टेंबरात. हे चाललंय फेब्रुवारीत.

खरी माहिती दिली ती प्लंबरने, एका चहात. म्हणाला, साहेब, मागच्या उन्हाळ्यात पाणीकपात होती ना तेव्हा बोअरिंग जोडलं बाथरूमच्या टाकीला, किचनची टाकी वेगळी आहे, ती बीएमसीवरच आहे. कपात उठली, जोडणी कोणी काढलीच नाही. पाच शनिवार मी ज्या माणसांसमोर उभा होतो त्यांच्यातल्या निदान दोघांना हे माहीत असणार! फक्त ‘हो, बोअरचं आहे’ एवढं तोंडातून निघत नव्हतं.

मग मीही पेटलो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 154ब-8 प्रमाणे (हे खास हाउसिंग सोसायट्यांसाठी) सभासदाला कमिटी मीटिंगची मिनिट्स बघता येतात, आणि लेखी मागणी करून फी भरली की ठरलेल्या मुदतीत कॉपी द्यावी लागते. तसा अर्ज कलमासकट टाइप करून नेला. सहावा शनिवार. कलम वाचल्यावर मॅनेजरने पहिल्यांदाच मला खुर्ची दिली. खोटं कशाला बोलू, त्या खुर्चीत बसताना छाती फुगली होती. कॉपी एकोणतिसाव्या दिवशी मिळाली, त्यात एक ओळ: ‘तात्पुरती व्यवस्था म्हणून बोअरवेलचे पाणी जोडण्यात यावे.’ तात्पुरती!

अजून एक शहाणपण उशिरा आलं. सहाव्या मजल्यावरच्या काकूंशी सहज बोललो तर त्यांच्या गिझरची कॉइल वर्षात दोनदा गेली होती, वरच्या मजल्यावरच्या वहिनी केस राठ झालेत म्हणून शाम्पू बदलत बसल्या होत्या, सगळ्यांच्या नळांवर पांढरे डाग. म्हणजे अख्खी बिल्डिंग आपापला साबण-शाम्पू बदलत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं चूक आपल्या वस्तूची. त्यामुळे तुम्ही तक्रार कराल तर दाढीचं नाव काढू नका, गिझरचं काढा. गिझरवर कोणी हसत नाही. एकोणीस घरांच्या सह्या घेऊन गेलो तेव्हा साहेब म्हणाले, बघू, व्हॉल्व्ह बदलायला लागेल, कोटेशन मागवतो.

कोटेशन अजून येतंय.

तोपर्यंत मी रोज सकाळी किचनमधून एक तांब्या पाणी बाथरूममध्ये नेतो. पाऊण तांब्यात ब्रश भिजवणं, फेस, शेवटचं तोंड धुणं सगळं होतं. तीनही साबण उत्तम निघाले, बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता, पण आता हात त्या धूळ पुसून दिलेल्या गोल साबणाकडेच जातो, वास अगदी बाबांच्या खिडकीसारखा. ज्यांना किचनचंही पाणी जडच येतं त्यांनी लेबलावर ईडीटीए बघावं, टेट्रासोडियम ईडीटीए वगैरे लिहिलेलं असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून फेस थोडा बरा येतो.

आणि हो, पावसाळ्यात साबणाच्या वाटीला लगेच झाकण लावू नका, मुंबईच्या हवेत साबण सुकतच नाही आणि वर बुळबुळीत थर धरतो. दाढी झाली की वाटीतलं पाणी ओतून ती उघडीच खिडकीत ठेवा, ब्रश झटकून केस खाली करून टांगा. पहिला ब्रश मी जुलैत बंद कपाटात ठेवला होता, काढला तर त्याला बुरशी. बायको म्हणाली, बघ, यालाही दाढी आली.