लाकडी वाडग्यांच्या नादात गेलेली तीन वर्षं

सुरुवात इन्स्टावरून झाली हे आधीच कबूल करते. पांढरी भिंत, जुनं टेबल, त्यावर खडबडीत लाकडी बाऊल आणि बाऊलमध्ये चार लिंबं, बस एवढंच, पण फोटो बघून मी वेडी झाले. आमचं घर मालवण तालुक्यात आचऱ्याजवळ, समुद्रापासून चालत दहा मिनिटं, चिऱ्याचं, कौलारू, म्हणजे बॅकग्राऊंड आयतीच होती. जानेवारी 2021 मध्ये ऑनलाइन एक 'रस्टिक हँडमेड' बाऊल मागवला, अठराशे रुपये. सासूबाईंनी किंमत ऐकली आणि म्हणाल्या, "ढोरांकव कोण पेज घालूचो नाय ह्येच्यात, आणि तू अठराशे मोजलंस?"

जूनपर्यंत छान दिसला. मग पाऊस लागला आणि वरचं चकचकीत कोटिंग फुग्यासारखं उचललं गेलं, बूड वाकडं झालं, टेबलावर ठेवला की डुगडुगायचा, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत आतून पांढरी बुरशी. कुठल्यातरी कोरड्या हवेत बनलेली वस्तू आपल्याकडच्या पावसात आणली की लाकूड पाणी ओढून फुगतं, पण कोटिंग त्याच्याबरोबर ताणलं जात नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं. विकणाऱ्यांना फोटो पाठवले तर उत्तर आलं, नैसर्गिक वस्तू आहे मॅडम. असो.

पुढच्या वर्षी मे महिन्यात कौलं चाळायला माणसं आली म्हणून माळा रिकामा केला, तर मोडक्या रोवळ्या आणि पितळी समयांच्या मागे एक काथवट, म्हणजे लाकडी परात, सापडली. दीड हात लांब, धुराने काळीकुट्ट, एका अखंड ओंडक्यातून कोरलेली, आणि आतून वाकसाचे, म्हणजे सुताराच्या कोरायच्या हत्याराचे, घाव अजून हाताला लागत होते. मी अठराशे रुपये देऊन ज्याची नक्कल आणली ती अस्सल वस्तू माझ्याच डोक्यावर, माळ्यावर पडून होती!

आता इथे मी पहिली चूक केली ती कुणी करू नका. उत्साहात तिला साबणाच्या पाण्यात घासली, अर्धा तास भिजवून ठेवली आणि मग खळ्यात मेच्या कडक उन्हात उपडी घातली. दुपारी जेवायला बसलो होतो तर टाक् असा आवाज आला. वीतभर चीर. बाहेरचा थर भराभर सुकून आकसतो, आतला ओलाच असतो, मग लाकूड फाटणारच. सुतारकाकांनी चिरेच्या दोन्ही बाजूला बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेचे टाके घातले, गोधडी शिवावी तसे, आणि खरं सांगू, आता सगळे पाहुणे आधी त्या टाक्यांनाच हात लावतात. लाकडात किड्याने पाडलेल्या बारीक भोकांमधून पिवळा भुसा पडत होता म्हणजे आत भुंगा होता, तो जाईपर्यंत तिला घरात आणायची नाही हा काकांचा हुकूम. त्यांनी भोकाभोकात औषध सोडून तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडवीत ठेवली. या काथवटीत खायचं काही ठेवायचं नाही असं त्यामुळे तेव्हा ठरलं होतं. ठरलं होतं म्हणते हं.

काकांनीच मग मांगरामागे, म्हणजे परसातल्या खोपटामागे, पडलेला फणस दाखवला. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं तेव्हा परसातला जुना फणस मुळासकट आडवा झाला होता, आणि वर्षभर आम्ही त्याच्यावर कपडे वाळत घालत होतो. जमिनीला टेकलेल्या बाजूची फिकट लाकडं वाळवीने खाल्ली होती पण आतला पिवळा गाभा तिने शिवलासुद्धा नव्हता. आमच्याकडे दरवाजे फणसाचे का करायचे ते तेव्हा डोक्यात शिरलं.

ओंडके कापले, त्यातले पाच तुकडे घेऊन मी सावंतवाडीला गेले. चितारआळीत लाकडी फळं, खेळणी, पाट यांची दुकानं आहेत, तिथे विचारत विचारत लाकूड यंत्रावर फिरवून गोल कोरणाऱ्या लेथवाल्यापर्यंत पोचले. खेळण्यांसाठी पूर्वापार पांगारा वापरतात, हलका आणि मऊ, त्यामुळे फणस बघून त्याने जरा तोंड वाकडं केलं, हत्यारं लवकर बोथट होतात म्हणाला, पण केलं. त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, झाडाचा अगदी मधला ठिपका वाडग्यात येता कामा नये, तिथूनच फुटतं. दोन, ओल्या लाकडाचा वाडगा एकदम पातळ करायचा नाही, दहा इंचाला इंचभर जाड ठेवायचा, तसाच सुकू द्यायचा, सुकताना तो लंबगोल होतो, मग परत लेथवर चढवून गोल करायचा. मी एका तुकड्यात हट्टाने तो मधला ठिपका ठेवायला लावला कारण डिझाइन सुंदर दिसत होतं. पाचातला तोच तडकला, तेही पंधरा दिवसांत.

सुकवणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. सुतारकाका म्हणाले, "बाय, लाकूड ओला आसा, पावस जायसर तेका हात लावू नको." आडव्या कापलेल्या बाजूंना मेण फासलं कारण तिथून पाणी सगळ्यात आधी उडतं, मग लेथच्याच भुश्यात गुंडाळून कागदी पिशवीत घालून पलंगाखाली ठेवले आणि दर रविवारी किचनच्या वजनकाट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहायला लागले, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी. मोठा वाडगा जूनच्या सुरुवातीला 1,480 ग्रॅम. थोडं थोडं उतरत गेलं आणि जुलैच्या शेवटच्या दोन आठवड्यांत वीस ग्रॅम वाढलं! नवरा म्हणाला वाडग्याने बाळसं धरलं. हवेतच एवढं पाणी असतं की लाकूड ते परत पितं, मग घाई करून काय उपयोग. दिवाळीनंतर सरसर उतरलं आणि फेब्रुवारीत 1,030 वर थांबलं, लागोपाठ तीन रविवार तेच, तेव्हा समजलं की झालं.

मार्चमध्ये दुसऱ्यांदा लेथ. मग 80, 120, 220 नंबरचा पॉलिश पेपर, मध्ये एकदा ओलं फडकं फिरवून रोवे, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, उठवले आणि परत घासलं. फणसाचा भुसा हळदीसारखा पिवळा, आठवडाभर माझी नखं बघून बाजारात बायका विचारायच्या, घरात कार्य आहे का.

तेलाचं प्रकरण वेगळंच. शेजारच्या भावोजींनी काजूबियांच्या टरफलाचं तेल आणून दिलं, वाशांना लावतो, वाळवी येत नाही म्हणाले. वाशांना लावा हो, पण मी हातमोजे न घालता बोट बुडवलं आणि दोन दिवसांनी फोड आले, काळी कातडी निघाली. खायच्या भांड्याला तर ते चुकूनही नको. मग खोबरेल लावून बघितलं, ते सुकतच नाही, चिकट राहिलं आणि महिन्याभरात खवट वास. शेवटी जवसाचं तेल. पेंटच्या दुकानात मिळतं ते लवकर सुकावं म्हणून त्यात काय काय घातलेलं असतं, त्यामुळे मी खायचं, घाण्याचं घेतलं. एकदम पातळ हात, दहा मिनिटांनी पुसून काढायचं, चार दिवस थांबून परत, असे पाच हात. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, मी दोरीवर पसरून वाळवून मग टाकली.

मांडताना आधी चारही वाडगे एका शेल्फवर ओळीत लावले तर हॉटेलचं रिसेप्शन वाटायला लागलं. मग फोडले. एक ओटीवर चाव्या, चष्मा, सुट्टे पैसे. सगळ्यात लहान कोनाड्यात, एकटाच, मागे चुन्याची भिंत, सुरंगीच्या फुलांच्या दिवसांत त्यात त्यांचा वळेसार, म्हणजे गजरा, ठेवते, घरभर वास. एक जेवणाच्या टेबलावर फळांना. एक हॉलच्या भिंतीला टेकवून उभा, निव्वळ शोभेचा. आणि काथवट सेंटर टेबलावर, रिकामी, कारण तिला काही लागतच नाही.

2023 च्या पावसात बुरशी आली ती फक्त त्या भिंतीला टेकवलेल्या शोभेच्या वाडग्याला. मागून हवाच नाही ना. चाव्यांच्या वाडग्यात दिवसातून दहा वेळा हात जातो, फळांचा रोज पुसला जातो, त्यांना डाग नाही. व्हिनेगरने पुसून, वाळवून, परत तेल दिलं आणि त्याला आता स्वयंपाकघरात लसणीच्या कामाला लावलाय.

या मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उतरवले. काथवट पूर्वी आमसुलांचीच होती म्हणे, सोलं, म्हणजे रातांब्यांची सालं, रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, आंबट रसाला धातूचं भांडं चालत नाही. मी त्या औषधाची आठवण करून दिली, दोन वर्षं झाली असली तरी नको म्हटलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, काथवट उचलली आणि म्हणाल्या, "बरा केलंस घासून ठेवलंस ता. आता माका ती सोलांक होयी." अर्धा तास आमची वादावादी. शेवटी आत केळीची पानं अंथरून त्यावर वाळलेली सोलं ठेवायची, रस स्टीलऐवजी चिनी मातीच्या बरणीत, यावर तह झाला. सध्या ती खळ्यात आहे, एका टाक्याजवळ जांभळा डाग पडलाय म्हणजे तह कुणीतरी मोडलाय, आणि सेंटर टेबलावर मी रिमोट ठेवते.