‘मेहनती आहे’, बाकी रकाना कोरा

कॅलिब्रेशनची बैठक ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. अप्रेझल झाल्यावर सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात, आपापल्या माणसांना दिलेली रेटिंग्ज एकमेकांपुढे मांडतात आणि मग घासाघीस सुरू होते. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं ती माणसं तिथे नसतात. मी एचआरमध्ये आहे. यादी स्क्रीनवर लावायची, वेळ सांभाळायची आणि कुणी फारच वाहवत गेलं तर अडवायचं, हे माझं काम. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये माणसांना ठरावीक कोट्यात बसवणं थांबवलं, आमच्याकडेही असा कोटा ठरवणारा बेल कर्व्ह कागदोपत्री गेला. पण टीम लीडची जागा एकच असली की कर्व्ह असो वा नसो, कुणाचं तरी नाव मागे पडतंच.

त्या दिवशी दोन नावं होती. पहिली सगळ्यांच्या ओळखीची. लिंक्डइनवर सतत पोस्ट, टाउन हॉलमध्ये प्रश्न विचारायला पहिला हात हिचा. तिचं नाव आलं तसं दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. “काम कमी, पोस्टी जास्त,” एक मॅनेजर म्हणाले. दुसरा होता प्रॉडक्शन सपोर्टमधला. नाव ऐकून अर्ध्या खोलीला चेहरा आठवेना.

“यांच्याबद्दल सांगा,” मी त्याच्या मॅनेजरना म्हटलं.

“खूप मेहनती आहे. सिन्सिअर. कधी तक्रार नाही.”

“यंदा काय केलं त्यांनी?”

“बरंच केलंय हो. मायग्रेशनमध्ये होता ना तो.”

मायग्रेशन, म्हणजे क्लायंटचा डेटा जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये हलवणं. होता म्हणजे त्यात नेमकं काय करत होता? सर लॅपटॉपमध्ये शोधायला लागले. ठळक कामगिरीच्या रकान्यात ‘उत्तम टीम प्लेअर’ एवढंच. असल्या फॉर्मचा मला मनस्वी राग आहे. अख्ख्या वर्षाचं काम दोन विशेषणांत उरकायचं आणि वर म्हणायचं, पोरगा पुढे येत नाही, स्वतःबद्दल बोलत नाही. अहो, त्या खोलीत बोलायचं काम तुमचं आहे. त्याला तिथे बोलावलेलंच नाही.

डेटाबेस टीमच्या मॅडम तोवर गप्प होत्या. “थांबा, या मायग्रेशनचं मी कुठेतरी वाचलंय,” म्हणत त्यांनी मोबाइल काढला. निघाली ती लिंक्डइनवरची पोस्ट. लिहिणारी तीच, पोस्टीवाली.

क्लायंटचं नाव न घेता तिने त्या रात्रीची हकीकत लिहिली होती. नव्या सिस्टिममध्ये दिवसाच्या बेरजा जुळत नव्हत्या, सगळे रोलबॅकच्या, म्हणजे पुन्हा जुन्या सिस्टिमवर जाण्याच्या, तयारीत होते. या मुलाने दोन्हीकडच्या नोंदी ताडून दाखवलं की डेटा शाबूत आहे, चूक जुळवणीच्या रिपोर्टमध्ये आहे. रिपोर्ट वेगळ्या टाइमझोनने तारीख धरत होता, म्हणून मध्यरात्रीच्या आसपासचे व्यवहार दुसऱ्याच दिवशी पडत होते. रोलबॅक टळला. पोस्टमध्ये त्याचं नाव होतं, टॅग मात्र नव्हता, कारण तो लिंक्डइनवर नाहीच. स्वतःबद्दल तिने एकच वाक्य लिहिलं होतं: मी फक्त कॉलवर लोकांना शांत ठेवत होते.

म्हणजे ‘पोस्टी जास्त’ म्हणणाऱ्यांनी पोस्ट वाचलीच नव्हती.

टॉम पीटर्स यांनी १९९७ मध्ये ‘फास्ट कंपनी’ मासिकात प्रत्येक माणूस स्वतःच एक ब्रँड आहे असं मांडलं, तेव्हा लिंक्डइन यायला अजून सहा वर्षं होती. तेव्हापासून पर्सनल ब्रँडिंगच्या वर्कशॉपमध्ये ‘मी’ कसा मांडायचा हेच शिकवलं जातं. हिने ते माध्यम दुसऱ्याची बाजू मांडायला वापरलं होतं. (तिच्या सगळ्याच पोस्ट मला झेपतात असं नाही. सोमवार सकाळच्या प्रेरणादायी पोस्ट मी न वाचता पुढे सरकवते.) पण लीड होऊ पाहणाऱ्या माणसाबद्दल मला जे हवं होतं, ते त्या पोस्टमध्ये होतं: कुणी काय केलं हे तिला माहीत होतं आणि ते नावानिशी सांगायची तिची तयारी होती. त्याच्या मॅनेजरकडे दोन्ही नव्हतं.

जागा तिला मिळाली, फारशी चर्चा न होता. त्याचं रेटिंग एक पायरी वर गेलं. फॉर्म मात्र मी परत पाठवला. प्रत्येक ओळीत काय केलं आणि ते केलं नसतं तर काय झालं असतं, एवढंच लिहा. विशेषण एकही नको. दुसऱ्या दिवशी तो भरून आला, आणि चक्क चांगला आला. सरांनी त्यालाच समोर बसवून विचारलं होतं म्हणे.

नंतर मी त्याला भेटले. लीडसाठी नाव होतं, हे सांगितल्यावर तो चक्रावलाच. “मॅडम, मला कुणी विचारलंच नाही. रजा मंजूर करायच्या, रोज मीटिंगांत बसायचं, हे मला नको आहे.” पोस्टबद्दलही त्याला आमच्याकडूनच कळलं. वाचून हसला, “हे टाइमझोनचं तिने बरोबर लिहिलंय,” म्हणाला.

उठताना त्याने विचारलं, “लीड न होता ग्रेड वाढते का?”

आमच्याकडे वाढत नाही. त्याच्या वरची ग्रेड लीडचीच आहे. मी तसा प्रस्ताव वर पाठवलाय आणि त्याचा फॉर्म सोबत जोडलाय. फायनान्सने अजून कळवलेलं नाही.