तुम्ही विचारलंत म्हणून : हो, पेढे खाल्ले होते

"पोटुशी असताना गोड फार खाल्लंस का गं?" थोरल्याचा विषय निघाला की हे ठरलेलं. हळदीकुंकवात, लग्नात, परवा तर साताऱ्यात राजवाड्याजवळ भाजी घेताना. काकू, मावशी, एकदाच सांगते.

हो, खाल्लं. डोहाळजेवणाला मोती चौकातून आलेले कंदी पेढे पुढे पंधरा दिवस रोज खाल्ले. "दोन जिवांची आहेस, घे" म्हणत वाढणाऱ्याही तुम्हीच होतात. ग्लुकोजचं पाणी पिऊन करायची तपासणी सहाव्या महिन्यातच सांगितली होती. कार्यक्रम होऊन जाऊ दे, असं मीच म्हटलं. केली तेव्हा आठवा लागला होता. दोन तासांनंतरची साखर १९८. ती १४० च्या आत हवी. म्हणजे गरोदरपणातला मधुमेह.

बाळ सव्वाचार किलोचं. बाहेर सगळे खूश, आणि माझ्याजवळ त्याचे हातपाय थरथरत होते. नर्सनं टाचेला सुई टोचून थेंब पट्टीवर घेतला. साखर २८, फारच कमी. डॉक्टर म्हणाले, आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन जात नाही. म्हणून बाळच जादा इन्सुलिन तयार करतं. नाळ कापल्यावर साखर थांबते, इन्सुलिन थांबत नाही. तीन दिवस तो काचेआड होता, इवल्या हाताला सलाईन. दर काही तासांनी टाच टोचायचे. चौथ्या दिवशी कुशीत दिला तेव्हा दोन्ही टाचा काळ्यानिळ्या होत्या. आधी त्या टाचाच हातात धरल्या, तोंड नंतर पाहिलं.

तेव्हा मी सगळ्यांशी भांडायचे : पेढ्यांचा काय दोष, वारेतल्या हार्मोन्समुळे इन्सुलिन नीट काम करत नाही, आमच्या माहेरी मधुमेह आहे. हे खोटं नव्हतंच. पण ब्रिटनमध्ये १९५३ साली साखरेचं रेशनिंग उठलं, त्यावरचा अभ्यास २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत ज्यांच्या वाट्याला रेशनचीच साखर आली, त्यांना मोठेपणी मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के कमी. ते वाचलं आणि रात्रभर झोप नाही.

धाकटीच्या वेळी पेढ्याला हातही लावला नाही. तरी साखर १५६ आली. मात्र या वेळी चोविसाव्या आठवड्यातच कळलं, पथ्य पाळलं, ती तीन किलोची झाली आणि पहिल्या तासातच अंगावर प्यायली.

मग पहिल्या वेळी पेढ्यांचं किती आणि माझ्या अंगातलंच किती, हे मला अजून सांगता येत नाही. थोरला आता नऊ वर्षांचा आहे. झोपला की मी अजूनही त्याच्या टाचा बघते.