वरचीची आई आणि खालचीची आई

“अय्या, चीअरलीडिंग? मग ती वर उडते का?”

हा प्रश्न मला सोसायटीत, लग्नात, भाजी घेताना, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना, सगळीकडे विचारून झालाय. उत्तर आहे नाही. आमची लेक उडत नाही, ती उडणारीला धरते. असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा जो पडतो ना, जसं काही मी सांगितलं की नाटकात तिला झाडाचा रोल मिळालाय.

त्याआधीचा प्रश्न म्हणजे आयपीएल. 2008 मध्ये ते सुरू झालं आणि तेव्हापासून आपल्याकडे चीअरलीडर म्हणजे बाउंड्रीला नाचणाऱ्या मुली, विषय संपला. एका मंगल कार्यालयात माझ्या मामेसासऱ्यांनी जिलबी खाता खाता “आपल्या घरातल्या मुलीनं हे करावं?” असं विचारलं तेव्हा मी त्यांना सांगितलं की हे सुरूच केलं एका पुरुषानं, अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीत 1898 साली जॉनी कॅम्पबेल नावाच्या मुलानं, आणि 2021 मध्ये ऑलिंपिक समितीनं याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पूर्ण मान्यताही दिलीये. (मान्यता दिलीये म्हणजे खेळ ऑलिंपिकमध्ये आलाय असं नाही, पण हे मामांना सांगायची काय गरज.) मामा म्हणाले, मठ्ठा आण जरा.

तर धरणं म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही पहिलं वर्षभर कळलं नव्हतं. एका स्टंटमध्ये साधारण चार जणी. वर जाते ती फ्लायर. तिचे पाय तळव्याखाली धरणाऱ्या दोघी बेस, समोरासमोर तोंड करून उभ्या. मागे एक बॅकस्पॉट, ती घोटे सांभाळते आणि खाली येताना मान-खांदे पकडते. फ्लायर खांद्याच्या उंचीवर असेल तर प्रेप, बेसचे हात डोक्यावर सरळ गेले की एक्स्टेंशन. आणि सगळं वजन पायांनी उचलायचं, पाठीनं उचललं की कोच ओरडतात. आमच्या घरी आता गॅसचा सिलिंडर हलवायचा असला तरी ती मला ओरडते, आई, गुडघे, गुडघे वाक.

आमच्या घरात फ्लायरला फ्लायर म्हणत नाहीत. “वरची” म्हणतात. हे सासूबाईंनी सुरू केलं. वरची आज आली होती का, वरचीला ताप आहे का, वरचीनं जेवण कमी केलंय की काय. आणि मग ओघानंच वरचीची आई.

नवऱ्याला मात्र हे सगळं पहिल्या दिवसापासून कळलं, कारण तो पेठेतला, कॉलेजात असताना मंडळाच्या हंडीला सगळ्यात खालच्या थराला उभा राहायचा. त्यानं लेकीला पहिल्याच आठवड्यात शिकवायला घेतलं, मान खाली, हनुवटी छातीला, वर अजिबात बघायचं नाही. ती म्हणाली बाबा आमचं उलटंय, आमची नजर सतत वर, फ्लायरवरनं डोळे काढले तर शिक्षा असते. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, “म्हणजे पडताना दिसतं तुम्हाला?” त्याला त्याच्या वेळी कधी दिसलंच नव्हतं, पाठीवर कोणीतरी येऊन आदळायचं तेव्हाच कळायचं की थर गेला. (तेव्हा वर चढवायला चिमुरडी पोरं असायची. 14 वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही असं सरकारनं हायकोर्टात सांगितलं ते 2017 मध्ये.)

नजर वर असण्याचा एक परिणाम असा की आमच्या मुलीचा चेहरा प्रेक्षकांना दिसत नाही. दिसतो तो गळा आणि अर्धा गाल. ड्रेससाठी लक्ष्मी रोडवरनं कापड, बोहरी आळीतनं चमचम, तुळशीबागेतनं त्या केसांच्या मोठ्या बो साठी रिबन, एवढं सगळं करून गळा.

आता खरं लिहिते. मला वाईट वाटायचं. एका आत्यानं तिच्यासमोरच विचारलं होतं, जरा अंगानं आहे म्हणून खाली ठेवलंय का गं? पुढचे आठ-दहा दिवस लेक दुसरी पोळी घेईना, आणि माझ्या ते लगेच लक्षातही आलं नाही, सासूबाईंच्या आलं. मग मीच शहाणपणा करून कोचना गाठलं आणि विचारलं की तिला वर कधी चढवणार. ते मॅट उचलत होते, तसेच म्हणाले, “मॅडम, वर चढायला मुली रांगेत आहेत. धरणाऱ्या माझ्याकडे दोन आहेत.” आणि परत मॅट उचलायला लागले. मी घरी येताना कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडीवर बसून त्याच वाक्याचा विचार करत होते आणि मागे बसलेलीला काहीच सांगितलं नाही, नुसती वाटेत थांबून भेळ घेतली.

वरचीच्या आईशी माझी ओळख रक्तानं झाली, शब्दशः. प्रॅक्टिसमध्ये वरची तिरकी पडली, तिचं कोपर आमच्या बाईसाहेबांच्या नाकावर. रक्तच रक्त. मी हॉलच्या बाहेर कठड्यावर बसले होते, आत धावले तर माझी मुलगी नाक धरून उभी आणि वरची तिच्याहून जोरात रडतीये. वरचीची आई बर्फ शोधत पळाली, मिळाला नाही, समोरच्या दुकानातनं थंडगार मँगोला घेऊन आली आणि ती बाटली नाकाला लावली. मग हळूच मला म्हणाली, “अहो, नाकावर लागलं तरी तिनं हात नाही सोडले.” मला ते दिसलंच नव्हतं. आम्ही त्या दिवशी अहो होतो, दिवाळीपर्यंत अगं झालो.

मागच्या महिन्यात स्पर्धा झाली. सकाळी सातला रिपोर्टिंग, स्टेजवर जायचा नंबर आला दुपारी. आयोजकांचं नाव घेत नाही पण पंखे बंद, पिण्याच्या पाण्याचा एकच जार, आणि मॅटच्या पट्ट्यांमध्ये फट पडलेली, ती आमच्याच कोचनी टेप लावून बुजवली. दागिना अंगावर चालत नाही, त्यामुळे कानातले काढून माझ्या पर्समध्ये, यावर सासूबाईंचा फोनवर वेगळा तास झाला, भुंड्या कानांनी स्टेजवर कसली जाते वगैरे. आणि एवढं सगळं अडीच मिनिटांसाठी हो. रुटीन त्याच्यावर गेलं तर मार्क कापतात.

पहिला स्टंट छान गेला. टम्बलिंग, म्हणजे कोलांट्या, ठीक. पिरॅमिडला वरची एका पायावर गेली आणि मला खालनंच दिसलं की तिचा कंबरेपासून तोल चाललाय. लेकीनं एक पाऊल आत टाकलं, हात खाली घेतले आणि तिला अंगावर घेतलं, म्हणजे पडू दिलं नाही पण वर राहिलीही नाही. मार्क गेले. नंबर आला नाही. मुली रडल्या, मग वडापाव आला, मग रडायच्या थांबल्या.

रात्री घरी मी माझा व्हिडिओ लावला. नवरा म्हणाला, ही कुठंय? मी पुढे सरकवलं, मागे सरकवलं. सगळ्या व्हिडिओत वरची. वरचीचे हात, वरचीचं हसू, वरची पडताना. माझ्याच फोनमध्ये माझी मुलगी कडेला कापलेली, कुठे कोपर, कुठे बो. मी शूट करताना फोन आपोआप वर गेला होता. मग जुने काढले, दोन वर्षांचे. सगळे तसेच.

मी वरचीच्या आईला मेसेज केला की तुझ्याकडे असेल तर पाठव गं, माझा नीट नाही आला. तिचा पाच मिनिटांत आला. पूर्ण रुटीन, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यात माझी लेक. तिचे मनगट, तिचा ताणलेला गळा, ओठ हलतायत, काउंट मोजतीये. वरची फक्त घोट्यापर्यंत दिसते.

मी विचारलं, तुझ्या मुलीला नाही घेतलंस?

तिनं व्हॉइस नोट पाठवली. “अगं मला वर बघवतच नाही, पोटात गोळा येतो. मी कायम तुझ्या मुलीच्या हातांकडे बघत बसते. ते हलले नाहीत की समजते सगळं ठीक आहे.”

लेकीला व्हिडिओ दाखवला. तिनं दोनदा बघितला, दुसऱ्यांदा त्या पिरॅमिडपाशी थांबवून झूम केला आणि म्हणाली, माझा डावा हात आधीच खाली आलाय, बघ. मग कानातले कुठे ठेवलेस विचारलं. पर्समध्ये एकच सापडलं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.