अर्जातला कोरा रकाना

रविवार, रात्र

गेले चार दिवस टेबलावर एक छापील अर्ज पडून आहे. बेळगावजवळच्या होनग्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात जागा आहे आणि तीही मेट्रॉलॉजी रूममधली, जिथे तयार मालाची अचूक मापे घेतात, म्हणजे मला मनापासून आवडणाऱ्या कामाची. नाव, शिक्षण, अनुभव, आधीचा पगार हे रकाने मी पहिल्याच संध्याकाळी भरले. दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, कन्नड आणि इंग्रजीत विचारले आहे की अर्जदाराला काही अपंगत्व आहे का. पुढे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन आहेत आणि तपशिलासाठी बोटभर जागा सोडली आहे. तेवढेच कोरे राहिले आहे.

मला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, पण तो शब्द मला कधीच पटला नाही, कारण मी स्वतःत मग्न नसतो. उलट बाहेरचे सगळेच एकदम आत शिरते, ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्याच्या डब्याचा वास, दोन टेबलांपलीकडचे बोलणे, आणि त्या गर्दीतून समोरच्या माणसाचे वाक्य मला वेचून काढावे लागते. या सगळ्याला नाव मिळाले ते दोन वर्षांपूर्वी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, धारवाडला.

त्या दिवशी आईला बरोबर नेले होते, कारण लहानपणाची माहिती घरातल्या मोठ्या माणसाकडून घेतात. आपल्याकडे ऑटिझमच्या मोजमापासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय प्रश्नावलीत ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण दिले जातात. डॉक्टर कन्नड बोलणारे आणि आई खानापूर तालुक्यातली, जन्मभर मराठीतच वावरलेली, त्यामुळे मध्ये दुभाषी म्हणून मीच बसलो. माझ्याच लहानपणाचे प्रश्न मी आईला मराठीत विचारत होतो आणि तिची उत्तरे डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगत होतो. ताट बदलले की हा जेवायचा नाही, हे मी सांगितले. गणपतीत फटाके वाजले की कणगीमागे जाऊन बसायचा, हेही सांगितले. मग आई म्हणाली, “शाळेत पोरं मारायची ह्याला, पण घरात येऊन कधी सांगायचा न्हाई. अंघोळ घालताना वळ बघून कळायचं मला.” हे वाक्य मी पुढे दिले नाही. “शाळेत मित्र कमी होते,” एवढेच डॉक्टरांना सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला.

सोमवार, रात्र

वडगावला आक्काकडे जाऊन आलो. तिच्या सासरी माग आहेत, त्या खडखडाटात मला दहा मिनिटांवर बसवत नाही, हे ती जाणून आहे, म्हणून ती मला थेट माडीवर घेऊन गेली आणि दार लावून घेतले. तिचे मत ठाम आहे. “ऑर्डर हातात येऊ दे, सहा महिने होऊ देत, मग सांग. आधी सांगितलास तर तुझा अर्ज वाचणारच न्हाईत.” आक्का माझ्या भल्यासाठीच बोलते आणि तिचे म्हणणे चुकीचे नाही.

कायदा मी अनेकदा वाचला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि त्यांत ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यांतला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि एकाहून अधिक अपंगत्वे असलेल्या सर्वांना मिळून आहे आणि त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. खासगी कारखान्यावर अशा राखीव जागांची सक्ती नाही, मात्र समान संधीचे धोरण जाहीर करणे त्यालाही बंधनकारक आहे, आणि २० किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असतील तर कोणत्या सोयी देणार हे त्या धोरणात लिहावे लागते. दाखला मी अजून काढलेला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ मधला विकास कुमार खटल्याचा निकाल मला जवळचा वाटतो. परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या त्या उमेदवाराच्या बाजूने निर्णय देताना, ४० टक्क्यांची अट पुरी होत नाही एवढ्यावरून वाजवी सोय नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. हे सारे खरे असले तरी अर्ज बाजूला ठेवणारा माणूस त्याचे कारण कधी लिहून ठेवत नाही. तो “कळवतो” म्हणतो आणि कळवत नाही. हे मी आक्काला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग मी तेच तर सांगतो.”

माझे दोन्ही अनुभव वाईट आहेत, म्हणूनच निर्णय अवघड होतो. उद्यमबागेतल्या पहिल्या नोकरीत मी काहीच सांगितले नव्हते, कारण तेव्हा मलाच माहीत नव्हते. तीन वर्षे चांगली गेली आणि मग माझे तपासणीचे टेबल कॉम्प्रेसरशेजारी हलवले. तीनदा विनंती केली. कारण विचारले तेव्हा “आवाज होतो” यापलीकडे मला काही सांगता आले नाही, आणि आवाज तर सगळ्यांनाच होतो. त्याला नखरे म्हटले गेले. मायक्रोमीटर या मोजायच्या उपकरणाचा रॅचेट, म्हणजे टोकाची चकती, फिरवताना त्याची टिकटिक मला ऐकू येईनाशी झाली, एका दिवसात दोन मापे चुकीची लिहिली गेली आणि मी राजीनामा दिला.

दुसऱ्या ठिकाणी सांगितले. सहाव्या महिन्यात, पाळी बदलण्यावरून वाद झाल्यावर, सुपरवायझरना बाजूला नेऊन ऑटिझमचे फक्त नाव सांगितले. आठवड्याभरात कँटीनमध्ये माणसे माझ्याशी सावकाश, लहान मुलाशी बोलावे तशी बोलू लागली. तपासणी अहवाल मीच लिहायचो, पण खालची सही दुसऱ्याची होऊ लागली. सहा महिन्यांच्या कामाने मिळवलेला विश्वास एका शब्दाने जातो, हे मला त्या रिकाम्या सहीच्या जागेकडे बघून समजले, आणि त्याचे दुःख अजून गेलेले नाही.

तरीही न सांगता राहणे म्हणजे काय, हे बेळगावात वाढलेल्या मराठी माणसाला चटकन समजेल. कचेरीच्या खिडकीशी पोचण्याआधीच आपण ठरवत असतो की कन्नडमध्ये सुरुवात करायची की मराठीत. पलीकडच्याचा चेहरा वाचतो, वाक्य मनात जुळवतो, चुकलो तर काय ऐकावे लागेल त्याची तयारी ठेवतो. पाच मिनिटांच्या कामाला ते जमते. मी मात्र आठ तासांची पूर्ण पाळी असा असतो. डोळ्यांत किती वेळ बघायचे, कधी हसायचे, “जेवलास का” या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे की नुसते “हो” म्हणायचे, हे प्रत्येक वेळी मनात जुळवावे लागते. घरी आलो की आईशीही तासभर बोलवत नाही. ही किंमत आक्काच्या हिशेबात नाही, कारण तिला ती दिसत नाही, आणि ती मीच तिला कधी दाखवलेली नाही.

बुधवार, रात्र

मेट्रॉलॉजी रूमचे तापमान २० अंश सेल्सिअस ठेवतात. मशीनवरून उतरलेला तुकडा आणून लगेच मोजायचा नसतो. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा १० अंशांनी गरम असेल तर तो साधारण ११-१२ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब भरतो, आणि तेवढ्यावर चांगला माल रिजेक्ट होऊ शकतो. म्हणून तो खोलीत ठेवून द्यायचा आणि थांबायचे. हे मी शिकाऊ मुलांना कितीदा तरी समजावले असेल. आज दुपारी अर्ज पुढे घेऊन बसलो असताना माझ्या लक्षात आले की मुलाखतीत मला हवी असलेली गोष्ट याहून वेगळी नाही. अनोळखी खोलीत शिरल्याशिरल्या, चार माणसांसमोर, पहिल्याच मिनिटाला माझे माप घेतले तर ते चुकीचेच भरेल.

दुसऱ्या नोकरीत मी सांगितले हे चुकले नव्हते, सांगितले कसे ते चुकले होते. वाद झाल्यावर सांगितले, तोंडी सांगितले, एकाच माणसाला सांगितले, आणि नाव सांगितले पण गरज सांगितली नाही. नुसते नाव ऐकून समोरच्याने आपल्या मनातले चित्र त्यात भरले. ज्याच्या घरात चूल या एका पगारावर पेटते त्याने आक्काचे ऐकून गप्प राहावे, त्यात काही कमीपणा नाही. माझे थोडेफार भागते आहे, दुपारी एका छोट्या वर्कशॉपचे गेज, म्हणजे मोजायची साधने, तपासून देण्याचे काम आहे, त्यामुळे मला हा धोका पत्करता येतो.

‘हो’च्या चौकोनात खूण केली. बोटभर जागा पुरणार नव्हती, म्हणून वेगळा कागद जोडला आणि त्यावर लिहिले की मला ऑटिझम आहे, मुलाखतीचे मुख्य प्रश्न लेखी मिळावेत, आत बोलावण्याआधी २० मिनिटे शांत जागी बसू द्यावे, आणि बोलण्यापेक्षा मोजायला देऊन माझी परीक्षा घ्यावी. संध्याकाळी होनग्याच्या बसने जाऊन गेटवर अर्ज दिला. वॉचमनने शिक्का मारलेली पोच घडी करून खिशात ठेवली.

जेवताना आईला सगळे सांगितले. मग धारवाडचेही सांगितले, की तिचे ते वळांचे वाक्य मी तेव्हा डॉक्टरांपर्यंत पोचू दिले नव्हते. ती भाकरी वाढत होती, ती थांबली नाही.

“माहीत हाय मला,” ती म्हणाली. “कन्नड बोलाय येत न्हाई रे मला. कळतंय सगळं.”