लेओव्हर म्हणून सोडलेला मेक्सिको

मार्चमधल्या एका शनिवारी टोरांटोजवळच्या मिसिसागातल्या माझ्या ऑफिसात साताऱ्याकडचं एक जोडपं आलं. नागरिकत्वाचा अर्ज नवऱ्याचा होता, तोही भरून तयार. "फक्त एकदा नजर टाका ताई, संध्याकाळी पाठवून देतो," असं त्यांचं म्हणणं. सरकारी वेबसाइटवरचा कॅल्क्युलेटर त्यांनी स्वतःच भरला होता आणि आकडा आला होता १०९७.

कॅनडाच्या नागरिकत्वासाठी अर्जावरच्या सहीच्या तारखेआधीच्या पाच वर्षांत किमान १०९५ दिवस प्रत्यक्ष इथे राहिलेलं असावं लागतं. म्हणजे हे दोन दिवसांनी पास. मी इमिग्रेशन सल्लागार आहे, रोज हेच बघते. दोन दिवसांवर पास झालेला अर्ज समोर आला की मी आधी पासपोर्ट मागते.

गृहस्थ २०१९ पासून पीआर, म्हणजे कॅनडाचे कायमचे रहिवासी. पण वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे तीनदा लांबलचक मुक्काम साताऱ्यात. तिथून टोरांटोच्या कंपनीचं काम चालू होतं, पगार आणि कर दोन्ही इथे. "मग ते दिवस धरत नाहीत?" नाही धरत. खासगी नोकरी असेल तर ती कोणासाठी करत होता हे नागरिकत्वाच्या मोजणीत कोणी विचारत नाही. तुम्ही कुठे होता तेवढंच विचारतात. एक सवलत मात्र चांगली आहे: देश सोडला तो दिवस आणि परत आलात तो दिवस, दोन्ही कॅनडातले धरतात. गैरहजेरी फक्त मधल्या पूर्ण दिवसांची.

पहिली नोंद होती ९ एप्रिल २०२१ ते २ ऑगस्ट २०२१, देश भारत. तिथेच मी थांबले. २२ एप्रिल २०२१ ला कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं बंद केली ती सप्टेंबरच्या शेवटापर्यंत. त्या काळात यायचं तर तिसऱ्या देशात उतरा, तिथे कोविडची चाचणी करा, निगेटिव्ह आली की पुढचं विमान. कोणी दोहा, कोणी बेलग्रेड, कोणी मालदीव असं करत लोक पोचले. मग हे ऑगस्टमध्ये आले कसे?

"मेक्सिको सिटीवरून. पीआर असला की व्हिसा लागत नाही ना तिथे. पण तो लेओव्हर होता ताई, विमान बदलायचा थांबा, ट्रिप नव्हती."

२ ऑगस्ट ही मुंबईच्या इमिग्रेशनच्या शिक्क्याची तारीख होती. यात त्यांचा लबाडीचा हेतू नव्हता, हे मला लगेच कळलं. परत येणाऱ्या पीआरच्या पासपोर्टवर कॅनडा सहसा शिक्का मारत नाही, त्यामुळे लोकांच्या हातात तारीख म्हणून उरतो तो भारतातून निघाल्याचा शिक्का. मी त्यांना ईमेलमध्ये अराइव्हकॅनची, म्हणजे कोविडकाळात कॅनडात येताना भरायच्या सरकारी अॅपची, पावती शोधायला लावली. टोरांटोला उतरल्याची तारीख निघाली ७ ऑगस्ट. त्या अॅपमध्ये आपण कुठून येतोय हे त्यांनी स्वतःच भरलं होतं, म्हणजे कॅनडा सरकारला मेक्सिको साडेचार वर्षांपासून माहीत होता. अर्जातच तेवढा नव्हता.

विमानतळावर दोन तास बसलात किंवा हॉटेलात चार रात्री काढल्यात, कॅनडाबाहेर होतात ते होतातच. २ ते ६ ऑगस्ट हे पाच दिवस गेले. आकडा १०९२. गृहस्थ गप्प झाले. मग म्हणाले, "दोन वेगळ्या ट्रिप दाखवल्या तर?" हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. एका गैरहजेरीचे दोन तुकडे केले की सांध्यावरचा दिवस कॅल्क्युलेटर कॅनडातला धरतो, आणि तुम्ही तेव्हा मुंबईहून निघालेल्या विमानात असता. सीमा खात्याकडे तुमच्या येण्याच्या नोंदी आहेत, आणि २०२० पासून विमानाने बाहेर जाण्याच्याही. खोटी माहिती दिली असं ठरलं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. म्हणून नोंद एकच ठेवायची, ९ एप्रिल ते ७ ऑगस्ट, आणि देशांच्या रकान्यात भारताबरोबर मेक्सिको लिहायचा.

इतका वेळ फोनवर मुलाशी बोलणाऱ्या वहिनी इथे मध्ये पडल्या. "आणि व्हँकुव्हरचं काय? रात्रभर बाकावर झोपलो होतो की आपण!"

ती जानेवारी २०२४ ची गोष्ट. दिल्लीहून व्हँकुव्हरला उशिरा पोचले, टोरांटोचं विमान चुकलं, घरी आले दुसऱ्या दिवशी १५ तारखेला. यांनी १५ लिहिली होती. पण इमिग्रेशन व्हँकुव्हरला झालं ते १४ ला, आणि व्हँकुव्हर कॅनडातच आहे! परतीची तारीख देशात पाय ठेवल्याची, स्वतःच्या घरी पोचल्याची नव्हे. एक दिवस परत मिळाला. १०९३.

"मग दोन दिवस थांबून सोमवारी पाठवतो," गृहस्थांनी लगेच तोडगा काढला. बहुतेकांना इथेच चकवा बसतो. पाच वर्षांची चौकट रोज एक दिवस पुढे सरकते. आजचा दिवस आत येतो तसा पाच वर्षांपूर्वीचा एक बाहेर पडतो. मार्च २०२१ मध्ये ते टोरांटोतच होते. म्हणजे रोज एक मिळवायचा आणि एक घालवायचा. १० एप्रिलपर्यंत थांबले असते तरी आकडा १०९३ च राहिला असता. त्यानंतर मात्र बाहेर पडणारे दिवस साताऱ्यातले, म्हणजे गैरहजेरीचे, आणि आकडा रोज एकाने वाढणार. कागदावर चौकट काढून दाखवली तेव्हा वहिनींना आधी कळलं, मग त्यांनी नवऱ्याला समजावलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

मेच्या मध्यावर पुतण्याचं लग्न होतं, तिकिटं काढलेली. त्याची अडचण नव्हती. सहीनंतरचा प्रवास या मोजणीत येत नाही. परीक्षेचं आणि शपथेचं बोलावणं आलं की हजर राहता यायला हवं, एवढंच. भारतात सलग १८३ दिवसांपेक्षा जास्त राहणं गेल्या चार वर्षांतलं होतं, त्यामुळे भारताचं पोलीस प्रमाणपत्रही लागणार होतं. ते आणायला हा वेळ कामी आला.

उठता उठता वहिनींनी विचारलं, "पलीकडे अमेरिकेत बफेलोच्या मॉलला जातो ते नाही ना लिहायचं? सकाळी जाऊन संध्याकाळी परत." गैरहजेरी शून्य दिवस, पण लिहायचं. गृहस्थांनी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी क्रेडिट कार्डाचं अॅप उघडलं आणि दोघं पुन्हा बसले.

४ मे ला सही झाली. कॅल्क्युलेटरवर १११७ दिवस, आणि गैरहजेरीच्या यादीत शून्य दिवसांच्या ओळीच जास्त.