एसडीडी टिकली: रिबिल्ड पूर्ण, दोष पॉवरच्या वायरीत

घरच्या चार डिस्कच्या रेड ५ ॲरेचा (एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत ठेवणारा गट) रिबिल्ड, म्हणजे बाहेर पडलेल्या एसडीडी नावाच्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं, पूर्ण झाला! ॲरेची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये चारही 'यू' (डिस्क चालू असल्याची खूण) दिसताहेत आणि त्यानंतर चालवलेल्या चेकमध्ये मिसमॅच काउंट (न जुळणाऱ्या डेटाचा आकडा) शून्य. ४ टीबीला सरासरी १३० एमबी प्रतिसेकंद धरले तर साडेआठ तास होतात, जवळपास तेवढेच लागले.

मागच्या नोंदीत घोडं अडलं होतं ते असं. रेड ५ मधली एसडीडी रिबिल्ड अर्ध्याच्या पुढे गेला की ॲरेतून बाहेर पडायची. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये आधी लिंक डाउन (डिस्कशी संपर्क तुटला), मग हार्ड रीसेट, आणि थोड्या वेळाने तीच डिस्क एसडीएफ नावाने हजर. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदींत, ५, १९७ आणि १९८ (खराब सेक्टरचे आकडे) शून्यावर, लाँग टेस्ट स्वच्छ. फक्त १९९, म्हणजे सीआरसी एरर (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका), थोडा वाढलेला. १९९ हलला की पहिला संशय डेटा केबलवर जातो आणि तो रास्तच आहे. पण केबल बदलली, पोर्ट बदलला, तरी पडायची तीच डिस्क. त्यामुळे डिस्कच गेली असं धरून नवी मागवूनही झाली होती.

धागा सापडला तो एससीटी ईआरसीमध्ये, म्हणजे न वाचता येणाऱ्या जागेशी डिस्कने किती वेळ झगडायचं त्या मर्यादेत. या डिस्कमध्ये ती सोय आहे, पण मुळात बंद असते. म्हणून बूट होताना स्क्रिप्ट चौघींनाही ७०,७० देते. एकक शंभर मिलिसेकंदांचं असल्यामुळे हे झाले सात सेकंद, कर्नलच्या ३० सेकंदांच्या टाइमआउटच्या बरेच आत. रिबिल्ड कोसळल्यावर स्मार्टसीटीएल कमांडने पाहिलं तर तिघींवर सात सेकंद आणि एसडीडीवर 'डिसेबल्ड'. ही सेटिंग डिस्कची वीज गेली की पुसली जाते. मशीन तर अखंड चालू होतं.

मग ॲट्रिब्यूट १२ पाहिला, पॉवर सायकल काउंट. चारही डिस्क एकाच वेळी बसवलेल्या, त्यामुळे आकडा सारखाच हवा. तिघींचा ६१, एसडीडीचा ८८! १९२, म्हणजे अचानक वीज गेल्यामुळे हेड मागे घेतल्याची नोंद, तोही तिचाच वाढलेला. नुसती डेटा केबल खराब असेल तर १९९ वाढेल, पण १२ हलणार नाही. १२ वाढतोय याचा अर्थ डिस्क खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू होतेय. ॲरेतून डिस्क पडली की यापुढे १९९ च्या आधी १२ पाहा, आणि तोही शेजारच्या डिस्कशी ताडून.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. ॲरे स्टॉप करा, संशयित डिस्क डीडी कमांडने नल डिव्हाइसमध्ये (आलेला डेटा टाकून देणारी जागा) वाचत ठेवा, एका खिडकीत डीमेसेज (कर्नलचा लॉग) फॉलो मोडवर लावा आणि पॉवरचा प्लग बोटाने हळूच हलवा. इथे प्लग जरासा वर उचलताच लिंक डाउनची ओळ आली. प्लग काढल्यावर पिवळ्या (१२ व्होल्टच्या) वायरीच्या तोंडाशी प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं दिसलं. हा चार तोंडांच्या मोलेक्स-टू-सॅटा स्प्लिटरचा (एका मोलेक्स प्लगवरून चार डिस्कना वीज देणारी वायर) शेवटचा प्लग होता. रिबिल्डमध्ये डिस्क तासन्‌तास थरथरते, तापते, ढिला संपर्क आणखी ढिला होतो आणि क्षणभर १२ व्होल्ट तुटतात. मशीन निवांत असताना काहीच होत नाही, म्हणून हा दोष इतका छळतो.

साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर घेते. चौघी एकदम सुरू झाल्या की आठ अँपिअर, आणि ते सगळे मोलेक्सच्या एका पिनमधून. तिथे ०.१ ओहम रोध आला तरी ०.८ व्होल्ट गळतात. एटीएक्सची (पीसीच्या पॉवर सप्लायचं मानक) मर्यादा ५ टक्के, म्हणजे ११.४ व्होल्टच्या खाली जायचं नाही. लॅमिंग्टन रोडला हे स्प्लिटर ढिगाने मिळतात, पण त्यातले एकसंध साच्यात ओतलेले घेऊच नका. आत वायर कशी बसलीय ते दिसत नाही आणि असे प्लग जळालेलेही आहेत. मागून टोपण उघडणारे, वायर दाबून बसवलेले प्लग घ्या. त्याहून बरं म्हणजे स्प्लिटरच नको. आता पीएसयूच्या (पॉवर सप्लायच्या) दोन वेगळ्या सॅटा लाइनवर दोन-दोन डिस्क आहेत. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) पीएसयू असेल तर त्याच्याच खोक्यातल्या केबल वापरा. दुसऱ्या पीएसयूची केबल खाचेत बसली तरी पिनची मांडणी वेगळी असू शकते, आणि मग एका झटक्यात सगळ्या डिस्क जातात.

आलेली नवी डिस्क परत न करता रेड ६ करायचं आहे. जागा १२ टीबीच राहील, पण दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत. हॉट स्पेअर (नुसती तयार ठेवलेली जादा डिस्क) ठेवण्यात अर्थ वाटत नाही. फिरतेच आहे तर पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायची माहिती) तरी सांभाळू दे. अडचण पाचव्या पोर्टची: एनव्हीएमई एसएसडी दुसऱ्या एम.२ खाचेत असल्यामुळे बोर्ड सॅटा ५ आणि ६ बंद ठेवतो. ती पहिल्या खाचेत हलवावी लागेल.

बेत साध्या ग्रोचा (नवी डिस्क घालून ॲरेची मांडणी बदलण्याचा) होता, बॅकअप फाइल बूट एसएसडीवर ठेवून. पण डेटा डिस्क तीनच्या तीनच राहतात, म्हणजे प्रत्येक पट्टा आधी बॅकअप फाइलमध्ये जाणार, मग जागेवर. फार संथ काम, आणि एसएसडीवर फुकटचा मारा. हे लिहिता लिहिता एमडीॲडम या ॲरे सांभाळणाऱ्या कमांडचा लेआउट प्रिझर्व्ह पर्याय आठवला. त्यात जुनी मांडणी तशीच राहते, क्यू पॅरिटी (रेड ६ ची दुसरी पॅरिटी) सगळी नव्या डिस्कवर जाते आणि काम एका रिबिल्डएवढंच उरतं. किंमत इतकीच की प्रत्येक रायटला ती एकच डिस्क गुंतते. घरच्या फोटो-व्हिडिओंच्या साठ्याला ते चालेल, आणि वाटलं तर पुढे नॉर्मलाइझ करता येतं, म्हणजे क्यू सगळ्या डिस्कवर वाटता येते.

आधी बॅडब्लॉक्स कमांडने नवी डिस्क तपासून घेतोय, ब्लॉक ४०९६ बाइटचा. प्रिझर्व्ह लेआउटवर कुणी बराच काळ ॲरे चालवला असेल तर क्यूवाल्या डिस्कचं तापमान बाकीच्यांपेक्षा किती चढं राहतं ते सांगा. तिला पुढच्या पंख्यासमोरचा कप्पा द्यायचा की नाही, ते त्यावर ठरवतो.